डाव्या हाताची शिकार

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा सर्व्हेअरला आधी वाटलं, शेजाऱ्यांचा वाजतोय. त्याच्या फोनला वाजायची सवय राहिली नव्हती.

"साहेब, असाल तसे दुकानात या," पलीकडून दुकानदार म्हणाला. "मास्तरांचा डेक चोरीला गेलाय."

"पेटीच गेली का?"

"पेटी जागेवर आहे. आत साठ पानंही आहेत. पण मास्तरांची मुलगी आलीय आणि ती म्हणते, हा डेक तिच्या बाबांचा नाहीच."

सर्व्हेअरने दुधाखालचा गॅस तसाच बंद केला आणि चपला पायात सरकवल्या.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी लोक त्याला सर्व्हेअरच म्हणत. विमा कंपनीसाठी त्याने जन्मभर जळालेली दुकानं तपासली होती. आग लागली की लावली, माल होता की नुसताच सांगितला, हे राखेत हात घालून ठरवायचं. राखेशी बोलून बोलून माणसांशी बोलायचं विसरलात, असं बायको म्हणायची. ती गेल्यावर तर हे टोमणे मारायलाही घरात कुणी उरलं नाही. शेवटी डॉक्टरांनीच बजावलं की आठवड्यातून एकदा तरी चार माणसांत बसत जा. चार माणसं शोधता शोधता तो वह्या-पेन्सिली आणि खेळणी विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत पोचला. तिथे एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. मास्तरांची.

खेळाचं नाव 'रक्तमंडळ'. पत्त्यांचाच खेळ, पण पत्ते रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचे. ऐकायला पोरकट वाटतं, आणि पहिल्या दिवशी सर्व्हेअरलाही तसंच वाटलं होतं. टेबलाला चार जण लागतात, त्याहून कमी असले तर खेळ बसत नाही. दर बुधवारी इथे दुकानदार, एक टॅक्सीवाला, एक निवृत्त नर्सबाई आणि मास्तर असे चौघे बसत; मास्तर वारले, त्यांच्या जागी सर्व्हेअर आला. प्रत्येक जण एक जुनंपुराणं पिशाच्च. डाव्या हाताला बसलेल्याची शिकार करायची आणि उजव्या हाताला बसलेल्यापासून जीव वाचवायचा. डेक मात्र ज्याचा त्याने बांधायचा. शेकडो प्रकारच्या पानांतून आपल्या कामाची साठ निवडायची, त्यातच अर्धा खेळ. पानं छापणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. त्यामुळे जी काही पानं होती ती खेळणाऱ्यांच्या घरी, आणि उरलीसुरली दुकानातल्या एका पत्र्याच्या डब्यात.

पहिल्या बुधवारी टॅक्सीवाल्याने त्याला त्या डब्यापुढे बसवून धडा दिला होता.

"साहेब, अर्धा डेक डावीकडे बघून बांधायचा, अर्धा उजवीकडे बघून. हल्ला डाव्यासाठी, बचाव उजव्यासाठी. आमच्या खुर्च्या वर्षानुवर्षं ठरलेल्या. त्यामुळे कुणाकडून काय येणार ते माहीत असतं. उगाच सगळ्या जगाची काळजी करत बसलात तर डेकची अडगळ होते."

"आणि माझ्या उजवीकडे कोण?"

"मी," टॅक्सीवाला हसून म्हणाला. "माझ्याकडे नखं. सरळ येऊन ओरबाडतो. त्यावर इलाज एकच, लोखंडी दार."

डब्यात लोखंडी दार औषधालाही नव्हतं. दिवाही नव्हता. असली कामाची पानं ज्याची त्याने कधीच वेचून नेली होती. धुकं मात्र डब्यात ढिगाने पडलं होतं. पिशाच्च धुकं होऊन पहाऱ्यातून निसटतं, अशी त्या पानाची चाल. सर्व्हेअरने धुक्याला हात घातला, तसा टॅक्सीवाल्याने तो हळूच बाजूला केला.

"धुकं नको. मास्तरांचं होतं ते. त्यांच्या खुर्चीत बसताय तेवढं पुरे."

मग सर्व्हेअरने दुसरंच काहीतरी उचलून डेक बांधला. दार नसल्यामुळे तो दर बुधवारी सगळ्यांच्या आधी मरायचा, आणि मग चहा पीत बाकीच्यांचं जगणं बघत बसायचा. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. घरी एकट्याने जिवंत असण्यापेक्षा इथे मेलेलं बरं, असा त्याचा हिशोब होता.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मागच्या खोलीत टॅक्सीवाला भिंतीला टेकून उभा होता. नर्सबाई त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होत्या, पण कापडी पिशवी आज खुंटीला न लावता मांडीवरच घेऊन बसल्या होत्या. जन्मभर त्यांनी इस्पितळात रात्रपाळी केलेली. आयुष्यभर लोकांचं रक्त काढलं, आता पत्त्यांत पिते, हा त्यांचा ठरलेला विनोद. आज तो निघाला नव्हता.

स्टुलावर चाळिशीतली एक बाई बसली होती. मास्तरांची मुलगी. लांबच्या शहरात ती लहान मुलांच्या दातांची डॉक्टर होती. तिच्यासमोर मास्तरांची लाकडी पेटी उघडी होती.

"तुम्ही पोलीस का?" तिने विचारलं.

"नाही. मी मास्तरांच्या खुर्चीत बसतो."

हे उत्तर तिला आवडलं नाही, हे त्याला दिसलं.

"हा डेक बाबांचा नाही हे कशावरून म्हणता, ताई?"

"त्यात माझं पान नाही. सात वर्षांची असताना मी बाबांना एक पान करून दिलं होतं. पुठ्ठा कापून, रंगीत खडूंनी. पुढचा दात पडलेली एक छोटी पिशाच्चीण. ते कायम डेकमध्ये ठेवीन म्हणाले होते. मी अधूनमधून फोनवर विचारायची, आहे ना? आहे म्हणायचे."

"त्या पानाची चाल काय होती?"

"ते माझ्या आणि बाबांच्यातलं आहे."

टॅक्सीवाला घसा खाकरून म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलो. असलं पान मास्तरांनी एकदाही टाकलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही हो. लहानपणीची आठवण, बाप लेकीचं मन राखायला म्हणतो..."

"बाबांच्या घरात मला एक जुना कोट आणि चष्मा सापडला," ती म्हणाली. "बाकी त्यांचं जे काही होतं ते या खोलीत होतं. त्यांचा दर बुधवार इथेच गेला. मला फक्त तो डेक हवाय. संध्याकाळी माझी गाडी आहे. शेठ, पेटी ठेवता त्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते ना? मग मी कुणाला विचारू?"

दुकानदाराचा चेहरा पडला. भिडस्त माणूस. लहान मुलांनी खोडरबर खिशात घातलं तरी न बघितल्यासारखं करणारा. खिळ्यावर लटकणारी कपाटाची किल्ली त्याने काढली आणि खिशात टाकली.

"ज्या खोलीत मेलेल्या माणसाची वस्तू सांभाळता येत नाही, ती खोली मला नकोच," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत डेक मिळाला तर ठीक. नाहीतर बुधवार बंद. इथे माल ठेवीन."

बुधवार बंद म्हणजे आठवड्याचे सातही दिवस सारखेच. सर्व्हेअरला ते दिवस चांगले माहीत होते.

"मला जरा वेळ द्या," तो म्हणाला. "आणि हा डेक."

सगळे पुढच्या दुकानात गेले. मुलगी मात्र स्टुलावरून हलली नाही. सर्व्हेअरने पानं एकेक करून टेबलावर मांडायला घेतली. प्रत्येक पान हिरव्या प्लास्टिकच्या पाकिटात होतं. पाकिटं झिजलेली, कोपरे पांढुरके, वर्षानुवर्षं हाताळलेली. त्याने एक पान पाकिटातून बाहेर काढलं. पानाचे कोपरे मात्र कोरे करकरीत होते.

"पाकिटं तुमच्या बाबांची आहेत," तो म्हणाला. "आतली पानं त्यांची नाहीत. तुमचं बरोबर आहे."

मुलीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. इतका वेळ तिचे खांदे ताठ होते, ते जरा सैल झाले.

तो मांडत राहिला. धुकं, धुकं, पिशाच्च, दिवा. धुकं, दिवा, पिशाच्च, धुकं. साठ पानं संपली. मग उठून त्याने कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडला आणि तळापर्यंत हात घालून चाळला. धुक्याचा ढीग गायब होता.

त्याने दुकानदाराला आत बोलावलं.

"किल्ली खिळ्यावर असते हे कुणाकुणाला ठाऊक?"

"आम्हा सगळ्यांना. तुम्हालाही."

"बुधवारी सगळ्यांत आधी कोण येतं?"

"ते ठरलेलं नाही. बाई कधी लवकर येऊन चहाचं बघतात. ड्रायव्हर भाडं नसलं की दुपारपासूनच इथे लोळत असतो. मी काउंटर सोडून मागे बघत नाही. बघायचं काय कारण, घरचीच माणसं."

"मास्तर गेल्यावर डेक कुणी मागितला होता?"

दुकानदार घुटमळला. "ड्रायव्हरने. मी नाही म्हणालो, तर आमचं चांगलंच वाजलं. दोन बुधवार आलाच नाही तो. पण साहेब, तो तसला नाही."

टॅक्सीवाला आत आला तो तणतणतच.

"शेठने सांगितलं असेलच. हो, मागितला होता. पेटीत कुजत ठेवण्यापेक्षा माझ्या हातात राहिला असता म्हणून. चारचौघांत मागितला. चोरायचा असता तर मागितला कशाला असता?"

"बसा. मास्तरांची तुम्ही शिकार करायचात. ते कसे वाचायचे?"

"कसे म्हणजे? दारं!" टॅक्सीवाल्याचा राग कुठल्या कुठे गेला. "मी नखं काढली की हे दार लावून घ्यायचे. डब्यातली सगळी दारं म्हाताऱ्याने एकट्याने गोळा केली होती. किती वर्षं त्या दारांवर डोकं आपटलं मी. आता तुम्ही असता, एका ओरबाड्यात आडवे. मजा नाही राहिली, साहेब, खरं सांगतो."

"त्यांची आणखी एखादी सवय? खोड?"

"खोड एकच. डाव संपला की सगळे हातातली पानं खाली टाकतात. मास्तरांच्या हातात नेहमी एक पान उरायचं. ते उताणं टाकायचे नाहीत. तसंच गड्डीत सारायचे. मी म्हणायचो, मास्तर, एवढं जपून ठेवलेलं हत्यार एकदा काढा की. ते नुसते हसायचे."

स्टुलावर बसलेल्या मुलीने मान खाली घातली.

नर्सबाई शेवटी आल्या. बसताना त्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

"बाई, मास्तर डाव्या हाताला तुमची शिकार करायचे."

"हो."

"तुमच्या अंगावर धुकं सोडून."

"दुसरं काही त्यांना येतच नव्हतं," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार होती आणि तक्रारीत माया होती.

"आणि आता ती शिकार मी करतो. माझ्याकडे धुक्याचं एकही पान नाही. तरी तुमच्या डेकमध्ये दिवे आहेतच. परवाही तुमच्या हातात दिवा आला आणि तुम्ही तो फुकट टाकून दिलात. ड्रायव्हर म्हणालासुद्धा, बाई, त्या दिव्यांचं आता काय लोणचं घालायचंय?"

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "सवय असते माणसाला."

"असते," सर्व्हेअर म्हणाला.

बाई बाहेर गेल्यावरही तो तिथेच बसून राहिला. त्याला कळलं होतं. राखेतून कळायचं तेव्हा त्याला बरं वाटायचं, आज वाटलं नाही. गप्प बसलं तर खोली बंद. बोललं तर एक खुर्ची रिकामी, आणि तिघांत खेळ बसत नाही. कसंही केलं तरी बुधवार जाणारच होता. समोर मात्र स्टुलावर एक मुलगी होती, जिला खोटारडी ठरवून गाडीत बसवावं लागलं असतं. त्याने सगळ्यांना हाक मारली.

"आपापल्या खुर्चीत बसा," तो म्हणाला. स्वतः मात्र उभा राहिला. मास्तरांची खुर्ची रिकामी राहिली.

"पहिली गोष्ट. ताईंचं पान खरं आहे. मास्तरांच्या हातात दर वेळी जे उरायचं, ते तेच. दुसरी गोष्ट. ही चोरी घाईची नाही. कुणीतरी बसून साठ पानं पाकिटांतून काढली आणि साठ दुसरी घातली. विकणारा चोर चार दुर्मीळ पानं काढून पसार झाला असता. इथे झिजलेली, फाटकी, सगळीच्या सगळी नेलीत. याचा अर्थ, ज्याने नेली त्याला पानं नको होती. त्याला मास्तर हवे होते."

दुकानदाराने मास्तरांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आता बदली डेक कशातून बांधला? धुकं डब्यातून आलं. मी पहिल्यांदा डबा बघितला तेव्हा त्यात धुक्याचा ढीग होता, आज एक पान नाही. म्हणजे हे मी इथे आल्यानंतर झालं. पण मास्तरांच्या डेकमध्ये दारं होती, आणि दार डब्यात नव्हतंच. सगळी मास्तरांकडेच होती. मग त्या रिकाम्या जागा कशाने भरायच्या?" त्याने टेबलावरची पानं पुढे सरकवली. "बघा, कशाने भरल्यात."

टॅक्सीवाला वाकला. "दिवे? मास्तरांच्या डेकमध्ये दिवे?"

"दिवा कशासाठी असतो, ड्रायव्हर?"

"धुक्यातलं पिशाच्च दिसावं म्हणून. ज्याच्या उजवीकडे धुकंवाला बसलाय त्याने ठेवायचा. पण मास्तरांच्या उजवीकडे मी, आणि मी तर नखंवाला. या टेबलावर धुकं खेळायचे फक्त मास्तर..." तो एकदम थांबला.

"म्हणजे हा डेक मास्तरांपासूनच मास्तरांचा बचाव करतोय," सर्व्हेअर म्हणाला. "मी जळालेल्या दुकानांत एक गोष्ट शिकलो. खोटा माल भरणारा माणूस जे मिळेल ते बाहेरून आणतो, आणि जे मिळत नाही तिथे स्वतःच्या घरातलं घालतो. एका चपलांच्या दुकानाच्या राखेत मला शिवणयंत्राची चाकं सापडली होती. मालकाची बायको शिवणकाम करायची. इथेही तसंच झालं. दिवे डब्यातही नव्हते. ते एकाच घरी असू शकतात. मास्तरांच्या डाव्या हाताला बसणाऱ्याच्या."

कुणीही नर्सबाईंकडे बघितलं नाही. सगळ्यांनी टेबलाकडेच बघितलं.

बाईंनी पिशवी उघडली आणि पांढऱ्या पाकिटांतला एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"सकाळपासून बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पेटी न्यायला येणार आहेत कळलं, म्हणून परत ठेवायला लवकर आले. पण ताई माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या."

"अहो पण का, बाई?" दुकानदाराने विचारलं. "माझ्यावर आळ आला. निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं."

"चुकलंच माझं, शेठ. जीभच उचलली नाही." त्यांनी सर्व्हेअरकडे पाहिलं. "हे साहेब त्यांच्या खुर्चीत बसले, त्या दिवशी मला कळलं की मास्तर आता येणार नाहीत. तोवर वाटायचं, सुट्टीवर गेलेत. त्याच्या पुढच्या बुधवारी पानं घरी नेली आणि नंतरच्या बुधवारी ही भरून ठेवली. रोज संध्याकाळी टेबलावर दोन डाव मांडते. एक माझा, एक त्यांचा. त्यांच्या बाजूनेही मीच खेळते. मुद्दाम चुकत नाही हं. ते नसते चुकले."

सर्व्हेअरला तो पहिला बुधवार आठवला. आपण बसायला जागा मिळाली म्हणून खूष होतो, त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत हे चाललं होतं.

नर्सबाईंनी गठ्ठ्यातून एक जाडसर पान काढलं आणि मुलीच्या हातात दिलं. खडूंचे रंग पुसट झाले होते. पिशाच्चिणीचा पडलेला दात मात्र स्पष्ट दिसत होता.

"यावर काही लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात आलं की मी बाजूला ठेवायचे. याचं काय करायचं असतं, ते मला कळलंच नाही."

मुलीने पान दोन्ही हातांत धरलं.

"हे टाकलं की खेळ संपतो," ती म्हणाली. "कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. बाबा बुधवारी उशिरा यायचे. आई माझ्यावर चिडायची, झोप म्हणायची. मी खिडकीत बसायची. म्हणून मी हे पान केलं." तिने डोळे मिटून घेतले. "एकदाही नाही टाकलं?"

"नाही," टॅक्सीवाला हळूच म्हणाला.

"का?"

नर्सबाई म्हणाल्या, "आधी हरायला तयार नसतील. पुरुष ते. आणि नंतर तुमची आई गेली, तुम्ही लांब गेलात. घरी जा असं सांगणारं पान त्यांनी कुणासाठी टाकायचं? पण पोरी, डेकमध्ये साठच जागा असतात. न लागणारं एकही पान कुणी ठेवत नाही. त्यांनी ते ठेवलं."

मुलगी रडली, मोठ्याने आणि वेडीवाकडी. लहान मुलं तिच्या खुर्चीत रडत असतील तशी. दुकानदार पाणी आणायला धावला.

तोंड धुऊन आल्यावर तिने विचारलं, "गाडीला वेळ आहे. मला बाबांनी थोडंफार शिकवलं होतं. एक डाव खेळाल?"

ती मास्तरांच्या खुर्चीत बसली. सर्व्हेअर स्टुलावर बसला. टॅक्सीवाल्याने नखं काढली आणि तिने दार लावलं, तसा तो मांडीवर थाप मारून ओरडला, "हे बघा! हे!" तिने डावीकडे धुकं सोडलं. नर्सबाईंनी हातातलं पान टाकलं. दिवा. इतक्या महिन्यांनी या टेबलावर तो कामाला आला होता. बाईंच्या गालावर रंग चढला. दोघी हिरिरीने खेळत होत्या, आणि सर्व्हेअरला वाटत होतं, हा डाव लांबावा.

मग मुलीने एक पान उचललं आणि ती थांबली. तिने ते बराच वेळ बघितलं. नर्सबाईंकडे बघितलं. आणि ते टेबलाच्या मधोमध उताणं ठेवलं.

दात पडलेली पिशाच्चीण सगळ्यांकडे बघून हसत होती.

कुणी हुज्जत घातली नाही. सगळ्यांनी पानं गोळा केली. मुलीने बाबांचा डेक पेटीत ठेवला आणि पेटी छातीशी धरली. निघताना ती नर्सबाईंपाशी थांबली. तिने त्यांचा हात धरला, जरा दाबला आणि सोडला. टॅक्सीवाला तिला स्टेशनवर सोडायला गेला.

टेबलावर बदली डेक तेवढा पडून होता.

"याचं काय करायचं?" दुकानदाराने विचारलं. "डब्यात टाकू?"

"थांबा," सर्व्हेअर म्हणाला.

त्याने पानं पुढ्यात ओढली आणि दिवे वेचून वेगळे केले. ते त्याने नर्सबाईंपुढे ठेवले. धुकं मात्र स्वतःकडे घेतलं. बाई उठायच्या बेतात होत्या. रिकामी पिशवी त्यांच्या हातात लोंबत होती. घरी आज दुसरा डाव मांडायला काही नव्हतं, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं.

"बाई, बुधवारी मी हे घेऊन येतोय."

"तुम्हाला धुकं खेळता येतं?"

"नाही. मास्तरांइतकं तर कधीच येणार नाही. तुम्ही शिकवा."

"वा! म्हणजे मीच शिकवायचं आणि माझ्याच अंगावर सोडून घ्यायचं?" बाई म्हणाल्या. पण त्या परत खाली बसल्या होत्या. दिव्यांची चळत त्यांनी हातात घेतली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "यातले किती ठेवू डेकमध्ये?"

"सगळे ठेवा," सर्व्हेअर म्हणाला.

दुकानदाराने खिशातून कपाटाची किल्ली काढली, क्षणभर तळहातावर तोलली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. मग तो चहाचं भांडं घेऊन नळाकडे गेला.